सीताफळ: फुलं शेकडो, फळं दोन-चार, असं का?

मुंबईत सीताफळाचं झाड शोधायला फार हिंडावं लागत नाही. जुन्या चाळीच्या मागे, सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीलगत, बैठ्या घराच्या ओट्यापाशी, नाहीतर एखाद्या गच्चीवर अर्ध्या ड्रममध्ये ते दिसतंच. पुष्कळदा ते कुणी मुद्दाम लावलेलं नसतं. कुणीतरी फळ खाऊन बिया भिरकावलेल्या असतात, त्यातली एखादी रुजते. झाड आटोपशीर, दहा ते वीस फुटांत थांबणारं. फार लाड मागत नाही. आणि त्याच्याबद्दलची तक्रार दरवर्षी तीच असते: उन्हाळ्यात झाड फुलांनी भरतं, खाली फुलांचा सडा पडतो, आणि दिवाळीच्या सुमारास हाताला लागतात ती दोन-चार वेडीवाकडी फळं.

मग सल्ले सुरू होतात. कुणी शेणखत घालायला सांगतं, कुणी ताक ओतायला, कुणी खोडात खिळा ठोकायला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एखादे काका ठामपणे म्हणतात, "अहो, हे नर झाड आहे, याला कधीच फळ धरणार नाही. काढून टाका." हे शेवटचं मला सगळ्यात जास्त लागतं, कारण त्या एका वाक्यावर धडधाकट झाडं तोडली जातात. पपईत नर झाड असतं. सीताफळात नसतं. सीताफळाच्या प्रत्येक फुलात नर आणि मादी असे दोन्ही भाग असतात. फळ न धरण्याचं मुख्य कारण या फुलाच्या वेळापत्रकात आहे, आणि ते समजलं की घरच्या घरी, एका ब्रशवर, त्यावर उपाय करता येतो.

आधी फूल नीट पाहू. जूनच्या सुरुवातीला, सकाळी लवकर, झाडाखाली उभं राहून एखादी कोवळी फांदी हळूच वर करा. फुलं पानाआड, खाली तोंड करून लोंबत असतात. रंग हिरवट पिवळा, त्यामुळे चटकन दिसतही नाहीत. इंचभर लांबीच्या तीन जाड, मांसल पाकळ्या. त्या बोटांनी अलगद फाकवल्या की आत तळाशी जांभळट डाग दिसतो आणि मधोमध एक इवलासा सुळका. सुळक्याचा वरचा भाग म्हणजे दाटीवाटीने उभे असलेले स्त्रीकेसर. त्यांच्याखाली, सुळक्याला वेढून, पांढरट पिवळ्या पुंकेसरांचं घट्ट कडं. नाक जवळ नेलं तर जास्त पिकलेल्या फळासारखा मंद वास येतो. या वासालाही कारण आहे, ते पुढे सांगतो.

एका फुलात दोन्ही भाग इतके जवळ आहेत, मग पराग शेजारच्या स्त्रीकेसरावर पडायला अडचण काय? अडचण वेळेची. फूल आधी मादी असतं आणि नंतर नर होतं. पाकळ्या टोकाशी जेमतेम सुटतात, मध्ये बारीकशी फट पडते, तेव्हा स्त्रीकेसर ओलसर, चकचकीत आणि चिकट असतात. त्या वेळी पराग मिळाला तर तो धरून ठेवायची त्यांची तयारी असते. पण त्या वेळी त्याच फुलातले पुंकेसर मिटलेले असतात. साधारण एका दिवसाने, बहुधा पहाटेच्या सुमारास, पाकळ्या पूर्ण फाकतात, पुंकेसर सुटे होतात आणि पराग बाहेर पडतो. तोवर स्त्रीकेसर वाळून गेलेले असतात. तास जातीप्रमाणे आणि हवेप्रमाणे पुढेमागे होतात, क्रम मात्र बदलत नाही. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने यात झाडाचं हित आहे: स्वतःचाच पराग स्वतःला लागणं टळतं आणि दुसऱ्या फुलाचा, जमल्यास दुसऱ्या झाडाचा पराग मिळायची शक्यता वाढते.

गिरणीत जशी एक पाळी सुटायची तेव्हाच दुसरी आत शिरायची, तसं रोज पहाटे या झाडावर चालतं. कालची फुलं नर झालेली असतात, आजची फुलं नुकती फट पडून मादी झालेली असतात, आणि थोडा वेळ दोन्ही एकाच झाडावर हजर असतात. म्हणजे एकटं झाड असलं तरी काम होऊ शकतं. फक्त कालच्या फुलातला पराग आजच्या फुलात पोचवणारा कुणीतरी हवा.

हे काम मधमाश्या करत असतील असं आपण धरून चालतो. इथे त्यांचा फारसा उपयोग नाही. मादी अवस्थेतल्या फुलाची फट अरुंद असते आणि आत मधाचं आमिषही नसतं. हे काम करतात बारीक, तपकिरी-काळे भुंगेरे, दोन-तीन मिलिमीटरचे. ते कुजत्या फळांवर जगतात आणि तिथेच वाढतात. जास्त पिकलेल्या फळासारखा तो वास त्यांच्यासाठी असतो. वासावर ते फटीतून आत शिरतात, जाड पाकळ्यांच्या आडोशाला बसून राहतात, आणि फूल नर होऊन उघडलं की अंगाला पराग माखून बाहेर पडतात. पुढचा मुक्काम दुसऱ्या अर्धवट उघडलेल्या फुलात. फूल मांसल का, खाली तोंड करून का, बंद बंद का, या सगळ्याचं उत्तर या पाहुण्यात आहे.

सीताफळ मूळचं उष्णकटिबंधीय अमेरिकेतलं आणि वेस्ट इंडीज बेटांवरचं. आपल्याकडे ते इतकं रुळलंय की बालाघाटच्या डोंगरांवर ते रानोमाळ दिसतं, बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण परागीभवनाची अडचण तिथेही आहेच. नुसतं निसर्गावर सोडलं तर शंभर फुलांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच फळं धरतात. डोंगरावर शेकडो झाडं असली की तेवढंही पुरतं. खाली पडलेली फळं तिथेच कुजतात, पालापाचोळा साचतो, भुंगेऱ्यांची वस्ती टिकते. मुंबईच्या सोसायटीत काय होतं? झाड एकटं. खालची जमीन पेव्हर ब्लॉकने झाकलेली. पडलेलं पान न् पान रोज सकाळी झाडून कचऱ्याच्या गाडीत. ज्या किड्याला कुजकं फळ आणि पाचोळा लागतो, त्याने अशा जागी राहायचं कुठे? त्यात कुणी डासांसाठी धूर फवारून गेलं की उरलेसुरलेही जातात. शहरातलं झाड फुलून रिकामं राहतं, यामागे माझ्या मते ही मोठी गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट हवेची. स्त्रीकेसर चिकट राहायला हवेत ओलावा लागतो. विदर्भ-मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत ते लगेच सुकतात, म्हणून तिथे उन्हाळ्यातली बहुतेक फुलं गळतात आणि खरी फळधारणा पाऊस सुरू झाल्यावर होते. मुंबईत हा त्रास कमी, कारण दमटपणा आपल्याकडे बारमाही. आपला त्रास उलटा आहे. बीड जिल्ह्याला अख्ख्या वर्षात सरासरी जेवढा पाऊस मिळतो, त्याहून जास्त पाऊस सांताक्रूझला एकट्या जुलैत पडतो. त्या झोडपणाऱ्या पावसात पराग धुऊन जातो, भुंगेरे फिरत नाहीत, फुलं काळी पडतात. म्हणून मुंबईकरांसाठी कामाचे दिवस म्हणजे साधारण मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या मोठ्या पावसापर्यंतचे, आणि पुढे जूनअखेरीपर्यंत मिळेल ती उघडी सकाळ.

आता ब्रशचं काम. याला हाताने परागीभवन म्हणतात. तैवान, इजिप्त आणि स्पेनमधले बागायतदार सीताफळ आणि त्याच्या भाऊबंदांच्या बागांत हे नेमाने करतात, कारण त्याने फळधारणा कित्येक पटींनी वाढते. आपल्याला एका झाडावर, चहा पिऊन होईपर्यंतच्या वेळात, ते सहज जमतं.

लागतं फार थोडं: जलरंगाचा मऊ, बारीक ब्रश आणि एक छोटी कोरडी डबी, कुंकवाची रिकामी डबी उत्तम. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान झाडाखाली जा. आधी नर फुलं ओळखा. त्यांच्या पाकळ्या सताड उघड्या असतात आणि बोटाने टिचकी मारली की पुंकेसर भुरभुर खाली पडतात. काल घट्ट बसलेलं ते कडं आज पार विस्कटलेलं दिसतं. अशी पाच-सहा फुलं डबीवर धरून टिचकी मारा. पिवळसर पूड आणि सुटे पुंकेसर दोन्ही जमा होतील, चाळत बसायची गरज नाही.

मग मादी फुलं शोधा. पाकळ्या टोकाशी नुकत्या सुटलेल्या, फट बोटही न शिरण्याइतकी. पूर्ण मिटलेली कळी नको आणि सताड उघडलेलं फूलही नको. एका हाताने फुलाला खालून आधार द्या, अंगठ्याने एक पाकळी किंचित बाजूला करा. फार ताणली तर ती तुटते. तुटली तरी बिघडत नाही, आतल्या सुळक्याला मात्र धक्का लागता कामा नये. सुळक्याचं टोक ओलसर चमकताना दिसलं की फूल योग्य वेळेचं. पराग लावलेला ब्रश आत घालून सुळक्याभोवती अलगद फिरवा, पूर्ण गोल, सगळ्या बाजूंनी.

हा गोल फिरवणं फार महत्त्वाचं. सीताफळ हे दिसायला एक फळ असलं तरी ते अनेक फळांचं मिळून बनतं. सुळक्यावरचा एकेक स्त्रीकेसर म्हणजे पुढे फळाचा एकेक डोळा, आणि ज्या डोळ्याला पराग मिळतो तो गराने आणि बीने भरतो. ज्याला मिळत नाही तो आक्रसून राहतो. फळाची एक बाजू फुगलेली आणि दुसरी खोलगट दिसते, तेव्हा त्या बाजूच्या स्त्रीकेसरांपर्यंत पराग पोचलाच नव्हता असं समजायचं. बाजारात आपण वाकडं फळ रोगट म्हणून बाजूला सारतो. ते रोगट नसतं, त्याला अर्धंच परागीभवन मिळालेलं असतं. भरलेल्या बाजूचा गर तितकाच गोड लागतो.

सकाळी सातच्या लोकलला पळावं लागत असेल तर आणखी एक सोय आहे. आदल्या संध्याकाळी, उद्या नर होतील अशी थोडी जास्त सैल झालेली फुलं तोडून कागदाच्या पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो आणि पराग गोळा होतो. रात्रीतून ती उघडतात आणि पहाटे पिशवीच्या तळाशी पराग तयार असतो. तो त्याच सकाळी वापरायचा, दुसऱ्या दिवसापर्यंत त्यात जोर राहत नाही. शेजारच्या इमारतीत सीताफळाचं दुसरं झाड असेल तर त्याचा पराग आणलात तर फारच छान.

ब्रश फिरवलेल्या फुलाच्या देठाला रंगीत दोरा बांधून ठेवा. पुढच्या आठवडाभरात पाकळ्या वाळून गळतील. न जमलेलं फूल देठासकट पडेल, जमलेल्याच्या जागी हिरवा, खरबरीत दाणा उरेल. तो बरेच दिवस तेवढाच राहतो, वाढत नाही असं वाटतं. घाबरू नका, पाऊस स्थिरावला की तो वेग घेतो. फूल धरल्यापासून फळ तयार व्हायला साधारण चार महिने लागतात.

एक मोह मात्र आवरायला हवा. जमतंय म्हटल्यावर माणूस सगळीच फुलं रंगवत सुटतो. कोवळ्या झाडावर पन्नास फळं धरली तर ती लिंबाएवढीच राहतात आणि फांद्या वाकून मोडतात. खोडाजवळच्या, करंगळीहून जाड फांद्यांवरची फुलं निवडा, शेंड्यावरची सोडून द्या. ड्रममधल्या झाडाला दहा-बारा फळं पुष्कळ झाली.

ब्रश हाती घेणं शक्यच नसेल, किंवा झाड फार उंच असेल, तर भुंगेऱ्यांनाच बोलवा. बुंध्याजवळचा पाचोळा झाडून काढू नका, तिथेच कुजू द्या. फुलांच्या दिवसांत अननसाची सालं किंवा जास्त पिकलेलं केळं भोकं पाडलेल्या डब्यात घालून फांदीला टांगा, त्या वासावर ते येतात. परदेशी बागांतही ही युक्ती वापरतात. डब्यात पाणी साचू देऊ नका, आपल्याकडे डेंग्यूचे डास तेवढीच संधी शोधत असतात. आणि त्या काळात झाडावर कीटकनाशक मारायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता थोडं मागे जाऊ, कारण फूलच कमी येत असेल तर ब्रश काय करणार? सीताफळाला फुलं प्रामुख्याने नव्या फुटव्यावर येतात, आणि या झाडात नवा फुटवा कुठून येतो हे पाहण्यासारखं आहे. बहुतेक झाडांत पानाच्या बेचक्यात कळी उघडी दिसते. सीताफळात तसं काही दिसत नाही. एखादं जुनं पान देठासकट खाली ओढून काढा: देठाच्या पोकळ बुडाखाली, टोपी काढावी तशी, केसाळ बारीक कळी उघडी पडते. पान झाडावर असेपर्यंत ती कळी देठाखाली कोंडलेली असते. पान पडलं की तिला वाट मिळते.

देशावर हिवाळ्याच्या थंडीने आणि जानेवारीनंतरच्या पाण्याच्या ताणाने पानं आपोआप गळतात, झाड काही काळ बोडकं होतं आणि मग सगळीकडून एकदम फुटतं. मुंबईत थंडी नावालाच. वर सोसायटीचा माळी रोज पाइपने पाणी घालत असतो. त्यामुळे झाडाला विश्रांती मिळत नाही, जुनी, पिवळट पानं मार्चपर्यंत लटकत राहतात आणि कळ्या कोंडलेल्याच राहतात. म्हणून डिसेंबरपासून पाणी कमी करत आणा. पानं पिवळी पडली की "झाड मेलं" म्हणून कुणीतरी बादली ओततं, त्यांना समजावून सांगा. फेब्रुवारीच्या अखेरीस वाळक्या, एकमेकींत अडकलेल्या फांद्या काढून टाका, गेल्या वर्षीच्या लांब काड्या शेंड्याकडून तिसरा हिस्सा छाटा, आणि उरलेली पानं हाताने खाली ओढून काढा. मग शेणखत आणि भरपूर पाणी. दोन-तीन आठवड्यांत कोवळी फूट दिसू लागते आणि तिच्याबरोबर कळ्याही. कळी दिसल्यापासून उमलायला साधारण महिना जातो. झाड सोसायटीच्या आवारात जमिनीत असेल तर छाटणीआधी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातल्या उद्यान विभागाची परवानगी घ्या. गच्चीवरच्या ड्रममधल्या झाडाची काळजी तुमच्या हातात आहे.

ऊन हवंच. दोन टॉवरच्या मधल्या सावलीत वाढलेलं झाड उंच होतं, पानं मोठी येतात, फुलं मात्र येत नाहीत, आणि त्यावर खताचा इलाज नाही. मातीच्या बाबतीत हे झाड समंजस आहे, मुरमाड, खडकाळ जमिनीतही ते जगतं. त्याला सहन होत नाही ते बुडाशी साचलेलं पाणी. पावसाळ्यात चार दिवस पाणी तुंबलं की मुळं कुजतात. ड्रमच्या तळाला भोकं मोठी ठेवा, खाली विटांचे तुकडे घाला, मातीत वाळू आणि कंपोस्ट मिसळा, आणि ड्रम विटांवर उचलून ठेवा.

किडींत एकच नाव लक्षात ठेवा: पिठ्या ढेकूण. डोळ्यांच्या मधल्या खाचांत पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतो तो हाच. ढेकूण गोड चिकटा सोडतो, त्यासाठी मुंग्या येतात, आणि त्याच मुंग्या त्याला एका फळावरून दुसऱ्या फळाकडे पोचवतात व त्याच्या शत्रूंपासून राखतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट अडवा. खोडाभोवती प्लॅस्टिकचा पट्टा गुंडाळून त्यावर ग्रीस लावा आणि भिंतीला टेकलेल्या फांद्या सोडवा, नाहीतर मुंग्या तिथून येतील. ढेकूण थोडे असताना साबणाच्या पातळ पाण्याने जुन्या टूथब्रशने घासून काढता येतात. फळं सुपारीपेक्षा मोठी झाली की एकेकाला जाळीची पिशवी बांधा. खारी आणि वटवाघळं आपल्याआधी दिवस मोजत असतात. काही फळं मात्र काळी, दगडासारखी टणक होऊन फांदीलाच चिकटून राहतात. ती काढून लांब टाका, पुढच्या हंगामाची बुरशी त्यांतच दडून बसते.

फळ कधी उतरवायचं हे दादरच्या मंडईत फळवाल्या मावशी जितकं नेमकं जाणतात, तितकं कुणी जाणत नसेल. सप्टेंबर-ऑक्टोबरात सासवडचा माल आलेला असतो, गिऱ्हाईक फळं दाबून दाबून बघत असतं, आणि मावशी म्हणतात, "दाबू नका हो, डोळे बघा. आज खायचंय का परवा?" डोळे मिटलेले आणि मधल्या खाचा हिरव्या म्हणजे फळ कच्चं. डोळे पसरून सपाट झाले, खाचा रुंद होऊन पिवळसर पांढऱ्या दिसू लागल्या म्हणजे डोळे उघडले, फळ उतरवायला तयार. ते टणक असतानाच कात्रीने देठ ठेवून कापा. घरात कागदावर ठेवलं की तीन-चार दिवसांत मऊ होतं. कच्चं असताना तोडलेलं फळ मऊ पडलं तरी गोडी धरत नाही, आणि झाडावरच पूर्ण पिकू दिलेलं फळ फुटून खाली पडतं. टणक फळ फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीने साल काळी पडते आणि ते नीट पिकत नाही. पिकल्यावर मग एखाद-दुसरा दिवस फ्रीजमध्ये चालतं.

गराची एक तऱ्हा आहे, ती माहीत नसल्याने अनेकांची बासुंदी वाया जाते. सीताफळाचा गर तापवला की कडवटतो. म्हणून आधी दूध आटवा, साखर घाला, ते पूर्ण थंड होऊ द्या आणि शेवटी गर मिसळा. हाजीअलीचं प्रसिद्ध सीताफळ क्रीम असो की घरची रबडी, गर त्यात कच्चाच जातो. हंगाम संपल्यावरसाठी ठेवायचा तर बिया काढून, थोडं लिंबू पिळून, हवाबंद डब्यात सरळ गोठवावा.

बियांबद्दल मात्र गंभीरपणे सांगायला हवं. अख्खी बी चुकून गिळली गेली तर ती टणक असल्यामुळे बहुधा तशीच बाहेर पडते. पण कुटलेली बी विषारी असते. उवांवर उपाय म्हणून बियांची पूड डोक्याला लावायची पद्धत अनेक घरांत होती, अजूनही कुठे कुठे आहे. ती पूड किंवा तिचं पाणी डोळ्यात गेलं की बुबुळाला इजा होते, तीव्र वेदना होतात, दिसेनासं होतं, आणि डॉक्टरांनी अशा रुग्णांची नोंद केलेली आहे. लहान मुलांच्या डोक्याला ही पूड लावू नका. मिक्सरमध्ये गर फिरवताना एकही बी राहिली नाही ना, हे बघा. मधुमेहावर सीताफळाच्या पानांचा काढा घ्या, असे मेसेज फिरत असतात, त्यांच्यापासूनही लांब राहा. कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावर, याच कुळातल्या झाडांची फळं आणि पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांत, पार्किन्ससारख्या विकाराचा एक वेगळा प्रकार अधिक आढळल्याचं डॉक्टरांनी १९९९ साली मांडलं. अशा काढ्याचा प्रयोग स्वतःवर करण्यात शहाणपण नाही. हंगामात मिळणारं फळ आवडीने खाणं ही वेगळी गोष्ट आहे.

नव्याने लावायचं असेल तर बी लावूनही जमतं. बी उगवायला महिनाभर किंवा जास्तही लागतो, आणि फळ तीन-चार वर्षांनी. फळ कसं निघेल याची मात्र खात्री नाही. कलम घेतलं तर लवकर फळतं आणि जात पक्की. बाळानगर ही जुनी, खात्रीची जात, गच्चीसाठी मी तिलाच पसंती देईन. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला खास सीताफळासाठी संशोधन केंद्र आहे, धारूर-६ हा वाण तिकडचाच. बार्शीजवळच्या गोरमाळ्याचे शेतकरी नवनाथ कसपटे यांनी निवडलेलं एनएमके-१ गोल्डन मोठं, कमी बियांचं आणि जास्त टिकणारं, आता व्यापारी बागांत त्याचाच बोलबाला आहे. बंगळूरूच्या संशोधन संस्थेचा अर्का सहन हा संकर अतिशय गोड, पण त्याला फळ चांगलं धरायला ब्रश लागतोच. संकर म्हटल्यावर आठवलं: सीताफळ आणि त्याचं थंड डोंगरातलं भावंड चेरिमोया यांचा संकर फ्लोरिडात १९०८ साली पहिल्यांदा मुद्दाम केला गेला, आणि आज परदेशी बागांत त्या संकराला मोठा मान आहे.

कलम पावसाळ्याच्या सुरुवातीला लावा आणि गुडघ्याएवढं झालं की शेंडा खुडा, म्हणजे ते खालूनच तीन-चार फांद्यांत पसरेल. दरवर्षीच्या छाटणीत त्याला सात-आठ फुटांच्या वर जाऊ देऊ नका. फुलापर्यंत जमिनीवरून हात पोचला पाहिजे. शिडी काढावी लागली की पहाटेचं काम उद्यावर जातं, आणि आजची मादी फुलं उद्या नर झालेली असतात.